पाय पेडलवरच होता

वैशालीचा पाय पेडलवरच होता. हे तिने नवऱ्याला सांगितलं, गॅरेजवाल्याला सांगितलं, एकदा नाही, दहादा सांगितलं. कुणी ऐकून घेईल तर शपथ!

झालं होतं असं. मस्कत एक्स्प्रेसवेवर गाडी शंभराने चालली होती, शेजारी लेक प्रियांका. एकाएकी समोर पिवळा दिवा लागला आणि अक्षरं उमटली, इंजिनाची ताकद कमी केली आहे. झालं! त्यानंतर पेडल तळापर्यंत दाबलं तरी ती एवढी थोरली एसयूव्ही बैलगाडीच्या चालीने सरकायला लागली. मागून ट्रेलर हॉर्न वाजवत अंगावर येत होता आणि पोरगी "मम्मा, प्लीज गो, प्लीज गो" म्हणून रडत होती. वैशालीने कशीबशी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, तर गाडी शहाण्या बाळासारखी पळायला लागली.

दोन महिन्यांत असं चारदा झालं, आणि चारही वेळा दोष कुणाचा? वैशालीचा!

"तू घाबरतेस आणि पाय उचलतेस," नवरा, लोकेश म्हणाला. "माझ्या हातात कशी नाही बंद पडत?" त्याच्या हातात म्हणजे काय, तर घराजवळच, अझैबातल्या अझैबात, एका शुक्रवारी दूध आणायला गाडी नेली होती. तेवढ्यावर हा तज्ज्ञ झाला! आणि वर हुकूम सोडला, "दुरुस्त होवो न होवो, आता किल्ली माझ्याकडे. मी तुला सोडीन, मीच आणीन." त्याचं ऑफिस रुवीला, तिचा कारखाना रुसैलला. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. याच्या सोयीने रोज तासभर आधी निघायचं आणि संध्याकाळी गेटवर वाट बघत उभं राहायचं.

हे तिला भयंकर लागलं. इथलं लायसन्स काढताना ती तीनदा नापास झाली होती. लोखंडी पिंपांच्या मधून गाडी मागे काढताना एकदा, चढावर दोनदा. चौथ्यांदा पास झाली तेव्हा तिने डिग्रीच्या वेळी वाटले नव्हते एवढे पेढे वाटले होते. पाच वर्षं गाडी चालवली, साधा ओरखडा नाही. आणि बाई दिवसभर करते काय, तर कारखान्यातले सेन्सर तपासते. मशीन बिघडलंय की सेन्सर खोटं सांगतोय, हे ओळखण्याचा पगार घेते! पण घरच्या गाडीबद्दल तिने बोलायचं नाही.

गाडी पुन्हा गॅरेजमध्ये पडून होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती टॅक्सी करून तडक तिथे गेली. कारखान्यातून स्वतःचा मल्टिमीटर पिशवीत घालून नेला होता.

फोरमन तानाजी संगमेश्वरकडचा, सोळा वर्षं ओमानात. त्याने हात पुसत पुसत पुन्हा तीच टेप लावली. "ताई, स्कॅनरला थ्रॉटल सेन्सरचा कोड आला, मी अख्खं थ्रॉटल बदललं. पुन्हा तोच कोड, तर पेडल बदललं. आता कॉम्प्युटरच राहिला. आणि तोही नसेल तर... राग मानू नका, पण चालवणाऱ्यावर पण असतं."

"नाचता येईना अंगण वाकडं!" वैशाली उसळली. "दोन-दोन पार्ट बदललेत, तरी चूक माझी? सेन्सरच्या तारांचा प्लग काढून कधी बघितलात?"

"प्लगला काय होतंय, ताई?"

"बॉनेट उघडा."

तिने इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवली, तानाजीला पेडल दाबायला बसवलं आणि मीटरच्या सुया थ्रॉटलच्या प्लगमागे खोचल्या. या सेन्सरला सिग्नलच्या दोन तारा असतात. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप; ती उघडली की एकीचा आकडा चढतो, दुसरीचा तेवढाच उतरतो. कॉम्प्युटर दोघींची साक्ष ताडून बघतो, आणि जुळली नाही की घाबरून इंजिनाचा दम काढून घेतो. एक तार बरोबर चढली. दुसरी मध्येच अडखळली, उडी मारली, पुन्हा खाली आली. वैशालीने प्लग नुसता हलवला तर आकडा नाचायलाच लागला.

"या इकडे," ती म्हणाली. "आणि प्लग तुमच्याच हाताने काढा."

तानाजीने प्लग उपसला. आत पितळी टाचण्यांवर हिरवा गंज चढला होता. रबराची कड अर्धी बाहेर आलेली. आणि कडेच्या खाचेत काहीतरी चिकट, पिवळं साठलं होतं. वैशालीने नखाने खरवडलं. हळद! वास घेतला तर आंबलेल्या नारळाचा.

"हे काय आहे?"

तानाजीचा चेहरा उतरला. "दसऱ्याला तुमची गाडी ऑइल बदलायला आली होती ना, ताई. आम्ही त्या दिवशी शेडमधल्या सगळ्या गाड्यांची पूजा करतो. बॉनेट उघडून हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो, पाणी शिंपडतो. तुमच्या गाडीची पण केली. चांगल्यासाठीच हो!"

"मला विचारलंत?"

"आपल्या माणसाला काय विचारायचं..."

"त्या दिवशी आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो," वैशालीचा आवाज चढला. "बुद्धवंदना होते, खीर होते. नारळ फुटत नाही. तुमची श्रद्धा तुमच्या हत्यारांवर खुशाल करा, मी कोण अडवणार? पण माझ्या गाडीवर?"

"ताई, मला काय ठाऊक, तुम्ही..."

"काय ठाऊक नव्हतं? पहिल्याच दिवशी नाव विचारलंत. गाव विचारलंत. तेवढ्याने भागलं नाही म्हणून आडनाव खोदून खोदून विचारलंत! परवानगी तेवढी विचारायची राहिली?"

तानाजी हळूच म्हणाला, "थ्रॉटल बदलताना हिरवं दिसलं होतं मला. फुंकर मारून तोच प्लग परत बसवला."

वैशालीच्या अंगाची लाही लाही झाली. याने फुंकर मारली आणि तिची पोरगी ट्रेलरपुढे रडत बसली! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

तानाजीने मुकाट्याने नवीन प्लग आणून तारा जोडल्या. दोन्ही आकडे आता एकमेकांना धरून गुण्यागोविंदाने चढू-उतरू लागले. "अर्बाबला, आमच्या मालकाला, काही बोलू नका, ताई," तो अजिजीने म्हणाला.

"अर्बाबला नाही सांगत. माझ्या नवऱ्याला तुम्ही सांगा. आत्ता. स्पीकरवर."

तानाजीने सांगितलं. नारळ, हळद, गंज, फुंकर, काही म्हणून लपवलं नाही. "मॅडमची काही चूक नव्हती, साहेब. चूक त्यांनीच शोधून काढली."

"असं का? मग ठीक आहे, तुम्ही म्हणता तर मानलं," लोकेश म्हणाला.

तुम्ही म्हणता तर! दोन महिने बायको घसा फोडून हेच सांगत होती, बारा वर्षांचा संसार, आणि विश्वास ठेवला कुणावर? ज्याचं तोंडही कधी बघितलं नाही, त्याच्या एका वाक्यावर!

"बरं, एक करा," लोकेश पुढे म्हणाला, "किल्ली मॅडमना देऊ नका. संध्याकाळी मी येतो न्यायला."

तानाजी हातातल्या किल्लीकडे बघू लागला, मग वैशालीकडे. तिने पर्समधून गाडीचं मुल्किया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, काढून त्याच्यासमोर धरलं.

"मालकाचं नाव वाचा. मोठ्याने."

तानाजीने तिचं नाव वाचलं. आडनावासकट वाचलं. आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"वैशाली? तू तिथेच आहेस?" फोनमधून लोकेश.

"इथेच आहे. संध्याकाळी पाचला रुवीला मी येते तुला न्यायला, तुझी गाडी राहू दे ऑफिसात," ती ड्रायव्हरच्या सीटवर बसत म्हणाली. "शेजारी बसायचं, पट्टा लावायचा, आणि घर येईपर्यंत माझ्या पायाकडे बघायचं."