विसावा घेतलेली तुळई

सुताराच्या घरी थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षी मी पहिल्यांदा भिंतीवर चढले. मित्रांनो, मी सागाची जुनी तुळई आहे. छपराचं वजन अंगावर पेलणारं आडवं लाकूड. त्या सुतारानं मनातला सगळा राग माझ्यावर रंधा मारताना काढला, आणि त्यामुळेच मी इतकी गुळगुळीत झाले, की मुंगीचाही पाय घसरावा.

मला विणकरांच्या शेडवर बसवलं. खाली दिवसभर माग चालत. त्यांची थरथर भिंतीतून माझ्या अंगात येई आणि मला गुंगी चढे. मग वाटे, मी पुन्हा जंगलात उभी आहे, अंगभर पानं फुटली आहेत, वारा सुटला आहे. शेडचा मालक पाहुण्यांना सांगे, "वर हत्ती बांधला तरी ही हूं की चूं करायची नाही." मला ते ऐकून बरं वाटे.

पुढे माग बंद पडले. पानांची सळसळ थांबली. शेड पाडली आणि मला जुन्या लाकडांच्या वखारीत गवतात टाकलं. तिथं पाली माझ्या आडोशाला अंडी घालत. मला वाटलं, आता चुलीत जायचं.

पण शेड पाडल्याचं कानावर येताच त्या सुताराचा मुलगा मला शोधत आला. तोही सुतारच, आता केस पिकलेला. त्यानं हातोडीच्या दांड्यानं मला ठोकलं, कान लावला आणि म्हणाला, "बाबांच्या हातची आहे. आक्काच्या खोलीला हीच."

आक्का म्हणजे तीच, जिचं लग्न मोडलं होतं. तिनं पुढे लग्न केलं नाही. भावाच्या घरी स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या बोळात तिची खाट होती. येणारा-जाणारा तिच्या उशाशी अडखळे. तिचं एकच मागणं होतं. "मला एक दार हवं रे. आतून लावता येईल असं."

खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या. माझे गंजके खिळे सुतारानं एकेक करून उपटले, भोकं लाकडाच्या तुकड्यांनी बुजवली. आणि मग मला पडवीत आडवं ठेवून दिलं.

"भार उतरलेलं लाकूड लगेच चढवू नये," तो म्हणाला. "त्याला एक पावसाळा विसावा द्यावा. बाबांची पद्धत होती."

"अहो, लोखंडी गर्डर टाकला असता तर एव्हाना छप्पर झालं असतं," त्याची बायको म्हणाली.

"गर्डरला माया नसते."

"बरं. मग बसा मायेनं पाय चेपत तिचे."

आक्का दुपारी माझ्यावरच बसून शेंगा सोली. "तुझी मजा आहे बाई," ती मला म्हणे. "नुसतं पडून राहायचं आणि वर कौतुक." त्या दिवसांत मीही पेंगत होते. तिच्या अंगाची ऊब लागली, की झाडावर पाखरू येऊन बसल्यासारखं वाटे.

पावसाळा सरला. सुतारानं मला हात लावून पाहिलं. "अजून ओल आहे. एक उन्हाळा जाऊ दे."

"लाकडाला विसावा दे तू," आक्का म्हणाली. "माझं वय काही आडवं पडून राहिलेलं नाही."

मित्रांनो, मी पहिल्या दिवशीही घट्टच होते. पण मला सांगता कुठं येत होतं?

उन्हाळ्यात आक्काला दम लागू लागला. बोळातून मोरीपर्यंत जायचं तरी ती भिंतीला धरून थांबे. मग मात्र सुतारानं माणसं बोलावून मला घाईनं चढवलं. जुन्या भारानं मला बाक आला होता. त्याचा फुगवटा त्यानं वर ठेवला, म्हणजे छपराच्या वजनानं मी हळूहळू सरळ होईन. मी कुरकुरलेसुद्धा नाही.

पुढच्या पावसाच्या आत छप्पर झालं. आक्कानं आत जाऊन कडी लावली. थोड्या वेळानं दारावर थाप पडली.

"कोण आहे?" आक्कानं विचारलं.

"मी आहे, वन्सं. दुसरं कोण असणार?"

"असू दे. विचारायचं होतं."

ती निजून माझ्याकडे बघत राही. बुजवलेली भोकं तिला आभाळातल्या चांदण्यांसारखी दिसत. ती त्यांना नावं देई, मग कोणतं कुणाचं ते विसरे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मलाही वाटे, आम्ही दोघी उघड्या माळावर आहोत.

मित्रांनो, जुनं लाकूड जाळू नका. त्याचे खिळे काढा, त्याला ठोकून ऐका, छपराखाली घ्या. आणि ते घट्ट निघालं, तर लगेच कामाला लावा. आमचं आयुष्य लांब असतं. खाली राहणाऱ्या माणसाचं तसं नसतं.

आक्का त्या खोलीत एकच हिवाळा राहिली. थंडी ओसरली त्या आठवड्यात, दुपारच्या झोपेत ती गेली.