मागुराच्या पोटातली पिल्लं

ही १९९७ सालची गोष्ट. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी अनुसूया दरवर्षी बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या तळ्यातले देशी मासे मोजायला जायची. त्या वर्षी तिथल्या म्हाताऱ्या मुनियप्पा कोळ्याच्या जाळ्यात नुसते आफ्रिकन मागूर, म्हणजे मिशावाले परदेशी मासे आले.

"अण्णा, आपले मरळ कुठे गेले?" तिने कन्नडमध्ये विचारलं.

मुनियप्पाने एका मागुराचं पोट चिरलं. आत मरळाची बोटभर पिल्लं होती, मेलेली.

"तीन वर्षांपूर्वी मीच सोडले हे मागूर, अक्का," तो म्हणाला. "लवकर वाढतात, असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं. आता तळं आटलं तरी चिखलात जिवंत राहतात."

त्याच्यावर ती चिडणारच होती, पण तो एकेक पिल्लू अलगद बाहेर काढून तिच्या हातावर ठेवत होता. तिने पिल्लं फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवली. त्या तळ्यात पुन्हा कुणालाच मरळ दिसला नाही.