बाटलीतली गाठ

बाटलीबाबांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर फळ्या, फळ्यांवर काचेच्या बाटल्या आणि प्रत्येकीत काळपट, रबरासारखी, लोंबती दोरी. या म्हणे भक्तांच्या आतड्यांतून पडलेल्या गाठी! बाबांची पुडी पाण्यातून घ्यायची, दुसऱ्या दिवशी गाठ बाहेर. लोक त्या घाणीपुढे हात जोडून उभे होते. भक्ती आंधळी असते हे ताईला ठाऊक होते. भक्तीला वासही येत नाही हे आज कळले.

शिवणकाम टाकून ती आली होती धाकट्या भावासाठी, त्याच्या मागोमाग. त्याला शौचातून रक्त जात होते. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने मोठे आतडे तपासायचे म्हटले, तेव्हा घाबरून त्याने बाबांचे पाय धरले. वडिलांचेही असेच सुरू झाले होते. ते संडासात बसून राहत, आणि कडी निघाली की ताईचा जीव भांड्यात पडे. ते जाऊन वर्ष झाले, तरी ती कडी तिला अजून ऐकू येई.

बाबांनी एक बाटली उंच धरली. "हे गृहस्थ मरणाच्या दारातून परतले. रोग इथे, माणूस घरी ठणठणीत."

बाटलीच्या तोंडाला निळ्या फुलांचे कापड होते, त्यावर ताईच्याच हातची शिवण. पुडीने पडलेली गाठ या बाटलीत भरून इथे दिली, आणि वडिलांनी डॉक्टरकडे जाणे सोडले होते. मेलेल्या माणसाला हा बाबा रोज ठणठणीत करत होता!

"ते माझे वडील," ती म्हणाली. "वर्ष झालं त्यांना जाऊन."

"श्रद्धा कमी पडली, पोरी," बाबा म्हणाले. घटकेपूर्वीच्या ठणठणीत माणसाची श्रद्धा लगेच कमी पडली. तरी भावाने पुडी खिशात घातलीच.

ताईने त्याला पुडीसकट डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेले. बाईंनी ती ग्लासभर पाण्यात ढवळली. बोलता बोलता पाणी घट्ट झाले, आणि चमच्याने उचलताच तीच काळपट दोरी लोंबू लागली.

"ईसबगोल, माती आणि कोळशाची पूड," बाई म्हणाल्या. "पोटात फुगते, आतड्याचा आकार घेते. आत घातलं तेच बाहेर पडतं."

"मग गाठ?" भावाने विचारले.

"असली तर आतच आहे. आतड्याच्या अस्तरावर मांसाचा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण काहींचा पुढे कॅन्सर होतो. सहसा दुखत नाही, म्हणून कळत नाही. वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता, म्हणून तुला लवकर बघायचं. पॉलिप सापडला तर दुर्बिणीतूनच तारेच्या फासाने काढता येतो."

"त्यांचाही निघाला असता?"

"वेळेत आले असते तर, बहुधा."

भावाचे दोन पॉलिप निघाले, वाटाण्याएवढे. कॅन्सर नव्हता.

वडिलांची बाटली ताईने भांडून परत आणली आणि शिवणयंत्राशेजारी ठेवली. कुणी पुडीचे कौतुक सांगू लागले की ती ग्लास पुढे करते: पोटात घालण्याआधी यात घाला, आणि रक्त दिसले तर डॉक्टर गाठा. वडिलांना हे सांगायला कुणी नव्हते. आणि बाटलीचे ते कापड तर तिनेच मोठ्या हौसेने शिवून दिले होते.