लॉबीतली विहीर

माझगावच्या वाडीवर उभ्या राहिलेल्या त्या पासष्ट मजली टॉवरचं कौतुक पेपरांत मावत नव्हतं. का, तर वाडीची जुनी विहीर म्हणे बुजवली नाही; उलट लॉबीच्या मधोमध ठेवून सगळी इमारत तिच्याभोवती गोल गोल चढवली. कॉलेजची पोरं वह्या घेऊन बघायला येत. वाडीतली माणसं मात्र मागच्या सात मजली इमारतीत राहत आणि टॉवरला ‘थर्मास’ म्हणत.

नॉर्मा म्हणत नसे. आठ वर्षांपूर्वी बिल्डरच्या सभेत चित्रातली विहीर बघून होकाराचा पहिला हात तिनंच वर केला होता. मग घरोघर फिरली. "विहीर ऱ्हाते ना? मग पोरींचं उंबराचं पाणी ऱ्हातं!" लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायचं, त्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही त्यांची, मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती ईस्ट इंडियनांची रीत. आज पाणी तिच्या लेकीसाठी, मेगनसाठी आणायचं होतं.

बँड पुढे, लुगडी नेसलेल्या बायका मागे, नॉर्माच्या डोक्यावर मातीची घागर. शेजारचा म्हातारा हेन्री काठी टेकत सोबत. "चल गो, दाखव तुझी विहीर."

गेटवर अडवतील अशी धास्ती होती. पण टॉवरची मॅनेजर दीपिका हसतच पुढे आली. "या ना आंटी! आमचे लोक केव्हाचे वाट बघतायत."

वीस-पंचवीस मोबाइल वर झाले. काचेचं झाकण सरकलं. आत निळंशार पाणी, खालून दिवे. नॉर्मानं क्रुसाची खूण केली आणि दोरी बांधून घागर खाली सोडली. हातभर गेली नाही तोच खट्कन आवाज आला. घागरीच्या खापऱ्या निळ्या पाण्यात पसरल्या. खाली फरशी होती.

"अहो आंटी, ते शोभेचं आहे! खाली पार्किंगचे चार मजले आहेत." कुणीतरी फिस्सकन हसलं. "आणि ते पाणी अंगाला नका लावू हं, केमिकल असतं."

"कागदावर विहीर काढायला पाणी लागत नाय," हेन्री म्हणाला.

दीपिकानं कोपऱ्यातला पितळी हंडा कूलरच्या पाण्यानं भरून दिला. "एकदा परत चालत याल, प्लीज? व्हिडिओत फुटलेलंच आलंय. आणि जरा हसून."

घरी नवरी खोळंबली होती. नॉर्मा हंडा घेऊन गेटपासून परत चालत आली. हसलीही. टाळ्या पडल्या.

मेगन दारापुढच्या पाटावर बसली होती, अंगाला नारळाचा रस चोळलेला. "आपल्या विहिरीचंच ना, मम्मा?"

बायकांनी माना खाली घातल्या.

"डोळे मीट," नॉर्मा म्हणाली आणि तांब्या ओतला.

मेगन शहारली, खुदकन हसली. "किती थंड गो! नळाला असं येतच नाय."

नॉर्माचा हात हंड्यातच थांबला.

"ओत, ओत," जिन्याकडून हेन्री म्हणाला. "वाडीत अजून चार पोरी लग्नाच्या हायत. त्यांना पण हेच पाणी."