मसुराएवढा डाग

दाबाचा काटा पंधरावर थरथरत उभा होता. कॉम्प्रेसर फ्रिजच्या जुन्या मोटारीचा, स्वस्तातला, पण आज कसा शहाण्यासारखा वागत होता—आज, बिघडवण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा. शशिधरने एअरब्रशचा खटका दाबून कोऱ्या कागदावर हवा सोडली आणि दाबाची चावी केसभर सैल केली. दुकान बंद करताना चावी सैल करायची, आणि मूळ फोटोवर कधी हवा मारायची नाही, आधी कॉपी काढायची... रेवणसिद्ध आण्णांनी हात धरून शिकवलेलं. आण्णा गेले, आणि शिकवलेलंही गेलं.

परवा त्याने मोटारसायकलची टाकी चाळीसच्या दाबाने रंगवली. चावी तशीच राहिली. दुसऱ्या सकाळी उचगावच्या बाबासोंनी उजळायला दिलेला फोटो घेतला, त्यांच्या बायकोचा, यल्लव्वाचा. बावीस वर्षांपूर्वी दहा दिवसांची लेक मागे ठेवून ती गेली, तिचा हा एकुलता एक फोटो. कॉपीला दोन दिवस जातात, कोण थांबतंय... पहिल्याच फवाऱ्याला काळा रंग डाव्या गालावर फुटला. घाबरून त्याने ओल्या कापसाने पुसला, तर गालच खरवडून निघाला. बाकीचं त्याने जुळवलं, पण मसुराएवढा डाग आत मुरला तो मुरलाच. मग डागाभोवती हलकी सावली देऊन त्याने त्याची खळी केली. आणि ती इतकी छान जमली की घटकाभर त्याला अभिमान वाटला. चोर तो चोर, वर शिरजोर.

आज सांगायचं. शिव्या खाईन, पण मी आज सांगणार.

दारात चपला वाजल्या. बाबासो, आणि मागे त्यांची लेक साक्षी. शशिधरने मोटार बंद केली आणि फोटो पुढे ठेवला. साक्षी किती तरी वेळ पाहत राहिली, मग तिने स्वतःच्या गालाला बोट लावलं.

"आबा, आईला खळी पडत हुती व्हय?"

"बाबासो, त्ये काय झालं—" शशिधर म्हणाला.

"थांबा जरा." बाबासोंनी फोटो उजेडाकडे धरला. "व्हय की. हसली की पडायची. मीच इसरून गेलतो बघा."

"कधी सांगितलं न्हाईसा."

"आत्ता ध्यानात आलं, पोरी."

शशिधरचं वाक्य तोंडातच राहिलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटली. साक्षी फोटो छातीशी धरून पायरी उतरली तेव्हाही हाक मारता आली असती.

तो स्टुलावर बसून राहिला. फवाऱ्याआधीचा तो गाल... भिंग लावून त्याने पाऊण तास पाहिला होता. बाबासो विसरले, लेकीने पाहिलाच नाही, म्हणजे खरा गाल ठाऊक असलेला तो आता एकटाच. सपाट होता, जरा हाडाचा... निदान एवढं तरी आपण जपायचं, म्हणून त्याने डोळे घट्ट मिटले. यल्लव्वा समोर आली. तिच्या डाव्या गालावर खळी होती.