खंडेनवमीचा नारळ

मित्रांनो, विभागाच्या शिपायाने ज्याच्या डोक्यावर रिकामा माठ ठेवला आहे, तो मी एक जुना संगणक आहे. ओझे वाटत नाही. माठ गेल्या उन्हाळ्यापासून रिकामाच आहे.

घाटनांदूरजवळच्या एका वस्तीतले शहादेव सर विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि मी त्यांच्या हाती आलो. त्यांचे संशोधन एकच : पाऊस, बोअरची खोली आणि उसाचे क्षेत्र मला सांगायचे, कोणती विहीर कधी आटेल, ते मी सांगायचे. परदेशी परिषदांत आमच्यासाठी टाळ्या वाजल्या. तिथे पाणी भरपूर होते.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. मी सांगितले : वस्तीच्या वर नवा ऊस लागला, तर वस्तीची विहीर शिमग्याआधी आटेल. त्या विहिरीवर सरांची आई, मुक्ताबाई, पाणी भरत असे.

खंडेनवमीला सहकारी साखर कारखान्यात यंत्रांची पूजा असते. ऊस लावणारे सगळे सभासद जमतात. आटणाऱ्या विहिरींचा माझा नकाशा तेव्हाच दाखवावा, म्हणून सर मला घेऊन गेले.

"आधी पूजा, सर. मग तुमचं निवांत ऐकतो," चेअरमन मोहनराव म्हणाले. मला हळदकुंकू लागले, हार पडला आणि माझ्याच पत्र्यावर नारळ फुटला. पाणी आत गेले. पडदा काळा झाला.

"अहो, पाणी गेलं आत!" सर ओरडले.

"बघा बे! सर म्हणतात पाणी संपणार. अन् एका नारळातच एवढं निघालं!" मोहनराव म्हणाले.

सभासद लई हसले. सरांनी मग तोंडी सांगून पाहिले. पण तोवर अंगावर शाल पडली होती आणि पंगत बसली होती.

ऊस लागला. सर आईला न्यायला गेले.

"वस्ती टाकून कशाला येऊ? तू सांगितलंस न्हवं त्यान्ला? मग झालं. शिकलेल्याचं ऐकत्यात लोक."

विहीर शिमग्याआधी आटली. तळाचे डबके वाटीने भरायला मुक्ताबाई खाली उतरली. पायरी निसटली. वर आणला तो तिचा देह, झोळीतून.

पुढे सरांनी मला दुरुस्त केले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर दिले. त्यांनी बटण बंद केले. त्यानंतर ते फक्त शिकवतात.

मित्रांनो, वस्तूच्या आत्मकथेत शेवटी 'आमची निगा राखा' असे म्हणायची पद्धत आहे. माझी धूळ राहू द्या. मला विचारा, आणि विचारलेत तर ऐका. हार नको. नारळ फोडायचाच असेल, तर दगडावर फोडा. आणि खाली वाटी धरा.