पपनसांच्या वखारीतली पांढरी चित्रं

युनताओ काकूंच्या वखारीत त्या सकाळी पपनसं कमी आणि माणसं जास्त होती. काही जण रिकाम्या खोक्यांवर चढून उभे होते. सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या टेबलाकडे. टेबलावर काकूंचा जुना, पोट सुटलेला कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर नेहमीच्या रंगीत चित्रांच्या जागी नुसते पांढरे कागद दिसत होते. कोरे, एक कोपरा दुमडलेला, एकाखाली एक.

"पांढरे," मासळीवाली म्हणाली आणि मागे सरकली.

"आणि महिना कुठला ते बघा," खोक्यावरून कुणीतरी म्हणालं.

महिना सातवा होता. सातव्या महिन्यात पाताळाचा दरवाजा उघडतो आणि तिकडची मंडळी महिनाभर इकडे सुटीवर येतात, असं आमच्या मादोऊ गावात सगळे मानतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, राग येतो. 'भले भाऊ' म्हणायचं. पांढरा रंग मयताचा. त्यामुळे भल्या भावांच्या महिन्यात पडद्यावर ओळीने पांढरे कागद आले, तर कुणाला आणखी पुरावा लागत नव्हता. मला लागत होता. मी इथल्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेलेली नाही. गाव मला तोंडावर कुओबाई म्हणतं. पाठीमागे काय म्हणतं ते मी विचारत नाही.

"काकू, त्या कागदावर दोनदा टिचकी मारून बघितलीत?" मी म्हटलं. "आतलं सगळं जागेवर असेल. नुसतं वरचं चित्र गेलंय."

"मी हात लावू? बाई, मला नातीचं लग्न बघायचंय."

"मग चीवेनला लावू दे."

चीवेन हा काकूंचा मुलगा, माझाच विद्यार्थी. विज्ञानात जेमतेम पास. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

काकूंची काळजी खोटी नव्हती. शरदातल्या पौर्णिमेचा सण तोंडावर आला होता. तेव्हा अख्ख्या तैवानला पपनस हवं असतं आणि गिऱ्हाइकांचे पत्ते त्या कॉम्प्युटरमध्ये होते. कॉम्प्युटर घेतला होता काकांनी, आणि काका जाऊन तीन वर्षं झाली होती. "म्हातारा काहीतरी सांगतोय," असंही एक मत गर्दीत होतं. दुसरं मत खाऊच्या पुडीबद्दल. मशीन गुणी राहावं म्हणून त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात. पुडी हिरवीच हवी आणि तिची मुदत संपलेली चालत नाही. काकूंच्या पुडीची मुदत उन्हाळ्यातच संपली होती.

"म्हणजे राखणदार झोपलेला," मासळीवालीने निकाल दिला.

या सगळ्यात चहाचे पेले घेऊन फिरत होती ती थुई, काकूंची सून. व्हिएतनामची, नदीकाठच्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमच्या भाषेतले चार शब्द येत होते. आता ती गिऱ्हाइकांशी फोनवर भांडायची, आणि पत्ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम तिचंच होतं. माझ्याजवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "बाई, मी उघडून बघू का?" काकूंनी ऐकलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पेले उचलले आणि आत गेली.

दुपारी लियाओ महाराज आले. यांच्या अंगात बालदेव येतो. गावातल्या खऱ्या देवळातल्या बालदेवाला मीही फुलं वाहते, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण लियाओशी. हा गृहस्थ आधी तालुक्याला मोबाइलची कव्हरं विकायचा. आता पिवळा झगा, खाली धावायचे बूट, तोंडात लहान मुलाची चोखणी. कॉम्प्युटरची बाधा ही त्यांची खासियत, असं त्यांच्या कार्डावर छापलेलं होतं.

उदबत्त्या लागल्या. महाराजांनी मान गरगरा फिरवली, चोखणी काढली आणि बोबड्या आवाजात म्हणाले, "मना गोल्या पायजेत."

चीवेनने गोळ्यांची बरणी पुढे केली. देवाने मूठभर झग्यात टाकल्या.

"यात कोन बसलंय, मना दिसतंय," देव म्हणाला. "लांबून आलंय. पाय ओले हायेत. त्याला थंडी वाजते म्हनून त्याने पांघरूनं घेतलीत. पांढली पांढली."

बायकांनी एकमेकींचे दंड धरले. पडद्यावरची पांघरुणं मोजायला मासळीवालीने बोट उचललं, तर शेजारणीने ते खाली दाबलं.

"आता शगल्यांनी वाका. डोले मिता. जो बघेल, त्याच्या घली जाईल ते."

सगळे वाकले. मीही वाकले, पण जन्मभर परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा केलेल्या बाईला डोळे मिटायला सांगून उपयोग नसतो. काखेतून तिरकं बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मला दिसलं ते असं: झग्याची रुंद बाही माऊसवर पसरली. बाहीच्या आत बोटं हलली. पडद्यावर एक चौकट उघडली, पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, पुन्हा काळा झाला, पुन्हा आला. चौकट बंद झाली. मग जोरात घंटा वाजली.

"उथा."

पडद्यावर सगळी चित्रं परत आली होती. पिवळा फोल्डर पिवळा, हिशेबाचं चित्र हिरवं, आणि काकांनी ठेवलेला पत्त्यांचा खेळसुद्धा. काकूंनी गुडघे टेकले. चीवेनने पैशांचं लाल पाकीट दिलं.

जाता जाता महाराज मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बाहेरचं होतं ते गेलं. आता परत पांढरं झालं, तर ते बाहेरचं नसेल. घरातलंच कुणीतरी असेल. वाघाच्या वर्षात जन्मलेलं."

आमच्या पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो. वाघाच्या वर्षात जन्मलेल्या माणसाला आमच्याकडे लग्नात नवरीच्या खोलीत जाऊ देत नाहीत, नजर भारी असते म्हणून. त्या घरात वाघाच्या वर्षाची एकच होती, आणि दारातल्या शेजारणींपैकी एकीने ते महाराजांना चहा पितानाच सांगितलं होतं. थुई.

दोन दिवसांनी कागद परत पांढरे झाले.

मी संध्याकाळी गेले तेव्हा वखारीच्या दारात थुईची बॅग होती. तिची पाच वर्षांची मुलगी आन बॅगेवर बसून पाय हलवत होती. तिला वाटत होतं, आपणही आईबरोबर विमानात बसणार आहोत. तसं नव्हतं. थुईने माहेरी जायचं आणि मुलीने इथेच राहायचं, असं ठरलं होतं.

"किती दिवसांसाठी?" मी काकूंना विचारलं.

"महाराज सांगतील. उद्या येतायत, पाठवणीचा विधी करायला." काकूंचे डोळे सुजले होते. "मला काय हौस आहे का, बाई? पोरगी चांगली आहे. पण घर बुडालं तर?"

"आणि चीवेन, तू?"

चीवेन खोक्याला चिकटपट्टी लावत होता. "आई म्हणते तर..."

मी काही बोलणार, तेवढ्यात बाहेर अंधारून आलं आणि काकू लगबगीने टेबलाकडे गेल्या. पडदा उजळलेला होता, आत काम अर्धवट उघडं होतं. काकूंनी टेबलाखाली पाय घातला आणि अंगठ्याने विजेचं बटन खाडकन बंद केलं. पडदा विझला.

"हे काय केलंत?"

"तिन्हीसांज झाली. हा निळा उजेड खिडकीतून रस्त्यावर जातो. भल्या भावांना दिवा दाखवून घरात बोलवू का?"

"रोज करता?"

"सातवा महिना लागल्यापासून रोज. आधी थुई बंद करायची, पण तिचं ते बंद करणं किती वेळ चालायचं. तोवर उजेड चालूच."

मी खोक्यावर बसले. मला हसू येत होतं आणि संतापही आला होता. काकूंना तिथेच समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पपनस सोलून दिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात, बाई. पण महाराजांनी माझ्या डोळ्यांदेखत परत आणली ना चित्रं?"

डोळे तर मिटलेले होते. पण ते बोलून काही होणार नव्हतं. ज्यांनी बघितलं नाही, त्यांना दाखवायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. उदबत्त्या, घंटा, गोळ्या. बोबडा देव म्हणाला, "वाघीन जाईल तेव्हाच पांढलं जाईल. आधी मी शेवतचं शांत कलतो. वाका."

"देवा, थांबा जरा," मी पुढे झाले. टेबलामागे हात घालून माऊसची वायर काढली, मग कीबोर्डची, आणि दोन्ही माझ्या पिशवीत टाकली. "आता करा शांत."

महाराजांची चोखणी तोंडात तशीच राहिली.

"बाई, हे काय?" चीवेन.

"काही नाही. देवाला माऊस कशाला लागतो? आत्मा काय टिचक्या मारून काढतात? आणि आज कुणी डोळे मिटायचे नाहीत. पहिलं संकट माझ्या घरी येऊ दे, मी एकटीच राहते, मला सोबत होईल."

मागे कुणीतरी हसलं. महाराजांनी मंत्र म्हटले. झगा उडवला. पडद्यावर पाणी शिंपडलं, ते मी रुमालाने पुसलं. कागद पांढरे ते पांढरेच. घंटा वाजवून वाजवून त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि मग बोबडेपणा एकदम गेला.

"या बाईंच्या नास्तिकपणामुळे देव रुसला."

"मागच्या वेळी मी इथेच होते आणि इतकीच नास्तिक होते," मी म्हटलं. "तेव्हा नाही रुसला तो?"

मासळीवाली आता महाराजांच्या बाहीकडे बघत होती. माल घेताना तराजूकडे बघते, तशी.

मी पिशवीतून वायरी काढून परत जोडल्या आणि त्या ओळखाव्यात म्हणून कॉम्प्युटर नीट बंद करून पुन्हा लावला. सुरू झाला, कागद तसेच. "थुई, ये गं. बस इथे."

काकू म्हणाल्या, "तिला नको, बाई."

"तिलाच. वाघाची नजर पडू दे चांगली."

थुई बसली. मी सांगत गेले आणि ती करत गेली, सगळ्या गावासमोर, कुणाचेही डोळे न मिटवता. रिकाम्या जागेवर उजवी टिचकी. पडद्याची चौकट. रंग किती दाखवायचे त्याची यादी. जास्तीचे होते ते कमी केले, पडदा काळा होऊन परत आला. मग कमीचे पुन्हा जास्त केले. पडदा आणखी एकदा काळा होऊन परत आला.

पिवळा फोल्डर पिवळा झाला. हिशेबाचं चित्र हिरवं झालं. काकांचा पत्त्यांचा खेळ आपल्या जागी येऊन बसला.

खोक्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "हे तर आमची नातसुद्धा करेल."

"करेलच की," मी म्हटलं. "हा कॉम्प्युटर दर वेळी सगळी चित्रं नव्याने काढत बसत नाही. कामाला वेळ लागतो म्हणून तो सगळ्या चित्रांचा साठा एका लपलेल्या फाइलमध्ये ठेवतो आणि तिथून उचलून चिकटवतो. ती फाइल बिघडली, की उचलायला काही मिळत नाही. मग कोरा कागद चिकटवतो. आतले पत्ते, हिशेब, सगळं शाबूत असतं. रंग बदलले, की त्याला जुना साठा टाकून चित्रं नव्याने काढावीच लागतात. महाराज बाहीखाली एवढंच करत होते. मोबाइलच्या दुकानात शिकले असतील."

"आणि फाइल बिघडली कशाने?" चीवेनने विचारलं. शाळेत असताना त्याने इतका चांगला प्रश्न कधी विचारला नव्हता.

मी काकूंकडे बघितलं. त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं. त्या आपल्या उजव्या पायाकडे बघत होत्या.

"लिहिता लिहिता हातातली पेन्सिल कुणी हिसकावली, तर वाक्य अर्धं राहणार," मी म्हटलं. "हा बंद होताना स्वतःचं आवरून घेतो. ते न करू देता रोज वीज तोडली, तर कधीतरी साठा अर्धवट राहणारच. थुई नीट बंद करायची तेव्हा काही झालं नाही. भुतांच्या भीतीने बटन दाबायला लागलात आणि भूत आलं."

"म्हणजे मीच," काकू म्हणाल्या.

महाराज एव्हाना दारापर्यंत पोचले होते. मासळीवालीने वाट अडवली. "गोळ्या ठेवून जा, बालदेवा. आणि पाकीटही." त्यांनी दोन्ही ठेवलं. झगा काढून काखेत मारला आणि स्कूटर सुरू करून गेले. गावाला तीच मोठी गंमत वाटली. बराच वेळ सगळे त्या झग्यावरच बोलत होते.

मी टेबलाजवळच राहिले. काकू थुईसमोर उभ्या होत्या, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारख्या. "चुकलं माझं, पोरी," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं, अशा बंद करण्याने बिघडतं."

थुईने माऊस बाजूला ठेवला. तिचा आवाज शांत होता, पण ती रडत होती.

"आई, मला माहीत होतं," ती म्हणाली. "माहेरी दुकानात आमचाही असाच होता, वीज गेली की असंच व्हायचं. तुम्ही महाराजांना विचारलंत. शेजारणींना विचारलंत. पुडीची तारीखसुद्धा बघितलीत. मला कुणी विचारलंच नाही."

चीवेनने थुईची बॅग दारातून उचलून आत नेली. सगळ्यात आधी त्यानेच तिला विचारायला हवं होतं.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. घरात काही अघटित दिसलं, तर ते काल कसं होतं आणि आज कुणी काय वेगळं केलं, हे आधी बघा. डोळे मिटा असं जो सांगेल, त्याच्या हातांकडे बघा. आणि घरातल्या कुणाला घराबाहेर काढायचा सल्ला कुणी दिला, मग तो देवाच्या आवाजात का असेना, तर तो मानण्याआधी त्या माणसासमोर बसा आणि त्याला विचारा.